घरातली गोल भांडी आणि दोऱ्याचे माप

गणितात वर्तुळाचा धडा आला की मुलांना एक कृती करून आणायला सांगतात. घरातल्या पाच-सहा गोल वस्तू घ्यायच्या, दोऱ्याने त्यांचा परीघ मोजायचा, पट्टीने व्यास मोजायचा, परिघाला व्यासाने भागायचे आणि तक्ता भरायचा. दरवर्षी चाळीस-पन्नास वह्या आमच्या टेबलावर येतात. बहुतेक वह्यांत शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा असतो, ३.१४. बांगडी ३.१४, ताट ३.१४, पाण्याची टाकीसुद्धा ३.१४. अशी वही उघडली की आम्हांला लगेच कळते, या घरात दोरा डब्यातून बाहेर निघालेलाच नाही. व्यास मोजला, त्याला ३.१४ ने गुणले, परीघ मिळाला. मग त्याच परिघाला त्याच व्यासाने भागले. दुसरे उत्तर येणार तरी कुठून?

अधूनमधून एखाद्या वहीत मात्र रबराचे डाग दिसतात. ३.१४ च्या खाली पुसट असा ३.२३ किंवा २.८१ दिसतो. आम्हांला त्या वह्या जास्त आवडतात. तिथे कोणीतरी खरेच मोजले होते आणि मग घाबरून पुसून टाकले होते. यंदा एका मुलीला विचारले, "बेटा, हे पुसले का?" ती म्हणाली, "टीचर, माझं चुकत होतं. पुस्तकात तर ३.१४ आहे."

तिचे चुकत नव्हते. तिने काय घेऊन मोजले, असे विचारल्यावर तिने तांदळाच्या गोणीची सुतळी सांगितली. आता हिशेब पाहा. तिच्या स्टीलच्या पेल्याच्या काठाचा व्यास ७ सेंटिमीटर. म्हणजे परीघ जवळजवळ २२ सेंटिमीटर हवा. तिची सुतळी भरली २२.६. भागाकार आला ३.२३. हे वरचे सहा मिलिमीटर आले कुठून? सुतळीला स्वतःची जाडी असते, साधारण दोन मिलिमीटर. पेल्याभोवती गुंडाळल्यावर सुतळीचा मधला भाग पेल्याला चिकटलेला नसतो, तो एक मिलिमीटर बाहेरून फिरतो. म्हणून मोजले जाते ते थोडे मोठे वर्तुळ. त्रिज्या एक मिलिमीटरने वाढली की परीघ सव्वासहा मिलिमीटरने वाढतो. मुलीचा आकडा तिच्या सुतळीचे खरे बोल सांगत होता आणि तिने नेमका तोच पुसला.

तीच सुतळी घेऊन आम्ही वर्गात एक मोठा टोप मोजून दाखवला. व्यास ४५ सेंटिमीटर, सुतळी भरली १४२. भागाकार ३.१६. सुतळी तीच, जाडी तीच, जादा भरलेले माप पुन्हा सहा मिलिमीटरच. पण पेल्याच्या २२ सेंटिमीटरमध्ये सहा मिलिमीटर बोचतात, टोपाच्या दीड मीटरजवळ गेलेल्या परिघात ते हरवून जातात. लहान वस्तूला बारीक दोरा घ्यावा, मोठ्या वस्तूला सुतळीही चालून जाते, ही गोष्ट मुलांना सांगावी लागली नाही. त्यांनीच ती सांगितली.

वाचक भगिनींनो, हे काम घरी करायचे झाले तर दोरा कोणता घ्यावा ते आधी पाहा. पायजम्याची नाडी घेऊ नका, ती ताणते. लोकर तर मुळीच नको. शिवणाचा धागा चांगला, पण तो भांड्यावरून घसरतो आणि एकट्या मुलाला धरता येत नाही. आमच्या अनुभवात सगळ्यांत बरी म्हणजे कागदाची पट्टी. वहीच्या पानाची बोटभर रुंदीची लांब पट्टी कापा, कमी पडली तर दुसरी चिकटवा, भांड्याभोवती घट्ट गुंडाळा आणि जिथे टोक दुसऱ्या थरावर येते तिथे दोन्ही थरांतून टाचणी टोचा. पट्टी उलगडली की दोन भोके मिळतात. त्या दोन भोकांतले अंतर म्हणजे परीघ. कागद ताणत नाही, घसरत नाही आणि त्याची जाडी नसल्यासारखीच असते.

धागाच वापरायचा असेल तर एक वेढा देऊ नका, दहा द्या. सरबताच्या सरळ बाटलीला धाग्याचे दहा वेढे शेजारी शेजारी द्या, एकावर एक चढू देऊ नका. उलगडून मोजा आणि दहाने भागा. गाठीच्या जागी दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी ते दहा वेढ्यांत वाटले जातात. ६.४ सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीला दहा वेढ्यांत २०१ सेंटिमीटर धागा लागतो, म्हणजे एका वेढ्याला २०.१. भागून पाहा.

परिघाची सगळे चिंता करतात, पण खरी अडचण व्यासाची असते. परीघ डोळ्यांना दिसतो, त्याला हात लावता येतो. व्यास मधून जातो आणि झाकणाच्या मधोमध कुठे खूण केलेली नसते. मुले अंदाजाने पट्टी ठेवतात आणि मधल्याऐवजी जरा बाजूची रेघ मोजतात. ती नेहमी व्यासापेक्षा लहानच असते, म्हणून उत्तर फुगते. उपाय दोन आहेत. एक, पट्टीचा शून्य काठावर पक्का धरायचा आणि दुसरे टोक हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायचे. सर्वांत मोठा आकडा दिसेल तोच व्यास. दुसरा उपाय त्याहून चांगला. भांडे भिंतीला टेकवून ठेवा, समोरून एक जाड पुस्तक भांड्याला टेकेल असे भिंतीला समांतर आणा. भिंत आणि पुस्तक यांतले अंतर मोजा. मध्य शोधायची गरजच नाही.

पट्टीचे एक सांगून ठेवतो. शाळेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत शून्याची रेघ अगदी टोकाला नसते, थोडी आत असते. काही मुले टोकापासून मोजतात, काही एकच्या आकड्यापासून. मोठ्या टोपात ते खपून जाते. दहा रुपयांच्या नाण्यात खपत नाही. या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, परीघ ८५ ला थोडा कमी. व्यास २६ वाचला तर उत्तर ३.२६, २८ वाचला तर ३.०३. एका मिलिमीटरने एवढा गोंधळ! नाण्याला दोरा गुंडाळण्यापेक्षा त्याच्या कडेला शाईचा ठिपका लावा आणि कागदावर सरळ रेघेत दहा वेळा फिरवा. ८५ सेंटिमीटरच्या आसपास ठिपका दहाव्यांदा खाली येईल.

आता २.८१ वाली वही. त्या मुलाने पेल्याच्या काठावर व्यास मोजला, साडेसात सेंटिमीटर, आणि दोरा गुंडाळला पेल्याच्या पोटाशी, कारण काठावर तो टिकत नव्हता. आपले पेले खाली निमुळते असतात. पोटाशी व्यास ६.७ होता. एका वर्तुळाचा परीघ घेतला, दुसऱ्या वर्तुळाचा व्यास घेतला आणि भागाकार केला. बधना, लोटा, सुरई यांत तर ही चूक हमखास होते, कारण त्यांच्या तोंडाचे, गळ्याचे आणि पोटाचे वर्तुळ वेगवेगळे. ज्या उंचीवर दोरा, त्याच उंचीवर व्यास. नवख्या मुलाला सरळ उभ्या बाजूचा डबाच द्यावा, बधना नंतर.

रोटी मोजायला आम्ही मुद्दाम सांगतो. मुले हसतात, अम्मीही हसते. हाताने लाटलेली रोटी नेमकी गोल नसते. एकीकडून १८.५ सेंटिमीटर, दुसरीकडून १७.२. मग व्यास कोणता? दोन्हींची सरासरी घ्या, १७.८५, आणि कडेने कागदाची पट्टी फिरवा. ५६ च्या जवळ येईल. भागाकार पुन्हा तीनच्या थोडा पुढे. जरा लंबगोल झालेली रोटीही या नियमाला फार सोडून जात नाही, हे पाहून आम्हांला स्वतःला दरवेळी मौज वाटते.

उर्दू माध्यमातून मराठी वर्गात आलेल्या मुलांचे इथे आणखी एक होते. उर्दू पुस्तकात वर्तुळ म्हणजे दायरा, परीघ म्हणजे मुहीत, त्रिज्या म्हणजे निस्फ कुत्र आणि व्यास म्हणजे कुत्र. हा शेवटचा शब्द मराठी वर्गात उच्चारला की काय होते ते सांगायला नको. बिचारे मूल पुन्हा तोंड उघडत नाही. आम्ही मात्र दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहितो, कारण 'मुहीत' हा शब्द लहान नाही. समरकंदच्या जमशेद अल-काशी यांनी १४२४ मध्ये परिघावर एक ग्रंथ पुरा केला, त्याचे नावच 'रिसाला अल-मुहीतिया'. ८०,५३,०६,३६८ बाजूंच्या बहुभुजाकृतीचा हिशेब हाताने मांडून त्यांनी पायची किंमत दशांश चिन्हापुढे सोळा स्थळांपर्यंत बरोबर काढली. पुढे पावणेदोनशे वर्षांजवळ कोणी त्यांच्या पुढे गेले नाही. एवढा खटाटोप कशाला, याचे कारण त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. पृथ्वीच्या व्यासाच्या सहा लाख पट व्यास असलेल्या विश्वाचा परीघ काढला, तरी चूक घोड्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी राहायला हवी होती. मोजण्याआधीच किती चूक चालेल ते ठरवणारा माणूस! आमच्या मुलांनी अल-काशींकडून सोळा अंक पाठ करण्यापेक्षा हे घ्यावे.

त्यांच्याही सहाशे वर्षे आधी बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात मोजमापाचे प्रकरण लिहिले. त्यात त्यांनी एक नव्हे, तीन किमती दिल्या. व्यवहारासाठी तीन पूर्णांक एक सप्तमांश, म्हणजे आपले २२/७. भूमितीवाल्यांसाठी दहाचे वर्गमूळ. आणि खगोल जाणणाऱ्यांसाठी ६२८३२ भागिले २००००. ही तिसरी किंमत आपल्या आर्यभटांची, इसवी सन ४९९ मधली. आर्यभटांनी ती देताना 'आसन्न' असा शब्द वापरला, म्हणजे जवळची. ख्वारिझ्मींनीही २२/७ अगदी नेमके नाही असे सांगून टाकले. एवढ्या मोठ्या माणसांना 'जवळपास' म्हणायला कमीपणा वाटला नाही, आणि आमची सातवीतली मुलगी ३.२३ पुसते. ३.१४ आणि २२/७ हे दोन्ही आकडे एकच, असे तर कितीतरी मोठी माणसेही समजतात. त्या ४५ सेंटिमीटरच्या टोपात ३.१४ ने परीघ १४१.३० येतो, २२/७ ने १४१.४३. सव्वा मिलिमीटरचा फरक. खरा आकडा या दोघांच्या मधे आहे.

ज्या मुलीने आकडा पुसला, तिच्या अम्मी पालक सभेला आल्या होत्या. म्हणाल्या, "टीचर, हिला गणित जमत नाही. माझ्यावर गेली. मलाही येत नव्हतं. हिचे अब्बा म्हणतात, दहावी झाली की शिवणकाम शिकव, पुढे गणिताच्या नादी लावू नको." आम्ही विचारले, तुम्ही शिवता का? शिवतात, मोहल्ल्यातले बरेचसे कपडे त्यांच्याकडेच येतात. मग अंब्रेला घेराचा फ्रॉक कसा कापता? त्यांनी बोटांनी हवेत दाखवायला सुरुवात केली. "सोपं आहे. कापडाची चौघडी घालायची. कंबर सव्वीस असेल तर सहाने भागायचं, सव्वाचारच्या जरा वर येतं. त्यातून पाव इंच काढायचा. कोपऱ्यात टेप धरून तेवढ्यावर गोल फिरवायचं." पाव इंच का काढायचा? "नाहीतर गळा... म्हणजे कंबर ढिली होते. उरेब कापड ताणतं ना."

आम्ही त्यांच्यासमोर कागद घेतला. कंबर म्हणजे परीघ, टेपची लांबी म्हणजे त्रिज्या. परिघाला पायच्या दुपटीने, ६.२८ ने, भागले की त्रिज्या मिळते. २६ भागिले ६.२८ म्हणजे ४.१४. त्यांचा सहाने भागून पाव इंच काढलेला आकडा ४.०८. तिरक्या धाग्यावर कापड थोडे ताणणार, म्हणून त्यांनी ठेवलेला किंचित लहान आकडाच शहाणपणाचा. दोन्ही आकडे शेजारी पाहून त्या गप्प बसल्या. मग मुलीकडे बघून म्हणाल्या, "हे तुला शाळेत शिकवतात?"

ज्या घरात गणित येत नाही म्हणून मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा निर्णय सातवी-आठवीतच होऊन जातो, त्या घरातल्या शिलाई मशीनवर रोज परीघ आणि त्रिज्या फिरत असतात. शिवणकाम हलके आहे असे आम्ही म्हणत नाही. उलट, ते गणिताशिवाय होते असे समजणाऱ्या अब्बांशी आमचे भांडण आहे. शिक्षक मित्रांशीही थोडे आहे. तक्त्यात ३.२३ दिसला की लाल शाईने काट मारून ३.१४ लिहिणे सोपे असते. त्याऐवजी 'कशाने मोजले?' एवढे दोन शब्द समासात लिहावेत. वेळ तेवढाच लागतो.

मुलींना हा धडा पटवायचा तर बांगडीसारखी वस्तू नाही. बांगड्यांच्या डब्यावर २.४, २.६, २.८ असे माप असते. हे दशांश अपूर्णांक नाहीत, हे कितीजणींना माहीत आहे? पहिला आकडा इंचांचा, पुढचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा. जुना रुपया सोळा आण्यांचा होता, तसा इंच सोळा आण्यांचा समजा. २.४ म्हणजे दोन इंच चार आणे, सव्वादोन इंच. २.८ म्हणजे अडीच. आणि २.१० म्हणजे दोन इंच दहा आणे, म्हणून ती २.८ पेक्षा मोठी बांगडी. शाळेत शिकलेला दशांश इथे लावला तर २.१० लहान ठरते आणि मोबाइलवरून मागवलेल्या बांगड्या हातात चढत नाहीत. मणियार चाचांकडून घ्यायच्या तेव्हा हा प्रश्न नव्हता. ते हात दाबून पाहत आणि माप सांगत. त्यांच्या बोटांत तक्ता होता.

आता चाचा गल्लीत येत नसतील तर दोरा घ्या. अंगठा तळहातात दुमडा, जणू बांगडी चढवायची आहे, आणि बोटांच्या मुळाशी हात सर्वांत रुंद होतो तिथे दोरा फिरवा, ओढू नका. समजा साडेसात इंच भरला. ७.५ भागिले ३.१४ म्हणजे २.३९. दशांशापुढच्या .३९ ला सोळाने गुणा, सहाच्या थोडे वर. म्हणजे २.६ ची बांगडी. सव्वादोनच्या बांगडीचा परीघ सात इंचांहून थोडाच जास्त, अडीचचा पावणेआठच्या थोडा पुढे. काच कापडासारखी ताणत नाही, म्हणून मधले माप आले तर वरचे घ्या. घरातल्या सगळ्या बाया-मुलींचे हात मोजून एक तक्ता मुलीला करायला सांगा. शेवटच्या रकान्यात घरात असलेल्या बांगडीवरचे माप लिहू द्या आणि जुळते का ते तिलाच पाहू द्या. दादीचा हात बहुधा जुळणार नाही. सांधे जाड होतात, आणि तिच्या बांगड्या तरुणपणीच्या.

मुलगे बांगड्या मोजणार नाहीत. त्यांना सायकल द्या. टायरवर खडूची खूण करा, खूण जमिनीला टेकेल तिथे एक रेघ मारा, सायकल सरळ ढकला आणि खूण पुन्हा टेकेल तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमधले अंतर म्हणजे चाकाचा परीघ. एकदा सायकल रिकामी ढकला, एकदा लहान भावाला वर बसवून. दोन्ही मापे लिहा. थोडा फरक आला तर त्याचे कारण हवा भरणाऱ्या दुकानदाराला विचारा.

शेवटी त्या सुतळीचा एक प्रश्न राहिला आहे. पेल्याला गुंडाळली तेव्हा ती खऱ्या परिघापेक्षा सहा मिलिमीटर जास्त भरली, टोपाला गुंडाळली तेव्हाही सहाच. आता समजा, हीच दोन मिलिमीटर जाडीची सुतळी पृथ्वीभोवती विषुववृत्तावर गुंडाळली, चाळीस हजार किलोमीटरच्या जवळपास. पृथ्वी अगदी गुळगुळीत धरा. सुतळी खऱ्या परिघापेक्षा किती जास्त भरेल? दस्तरखानावर सगळ्यांना विचारा आणि प्रत्येकाचा अंदाज आधी कागदावर लिहून घ्या. उत्तर पुढच्या अंकात.